केलेले जाणणे

मोठा उपकार माणसाच्या ध्यानात राहतो, कारण तो विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. अडल्या वेळी उभी राहिलेली रक्कम किंवा दुखण्यात मिळालेली सोबत यांचे स्मरण जन्मभर टिकते. प्रश्न आहे तो लहान उपकारांचा. ते रोज घडतात, आणि रोज घडतात म्हणूनच दिसेनासे होतात. आमच्या स्वतःच्या बाबतीत असे घडले, म्हणून हा विषय आम्ही आज सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

मंदिराच्या पटांगणातील फरशी वैशाखात अशी तापते की अनवाणी पाय ठरत नाही. परंतु कित्येक वर्षे दाराशेजारून सभामंडपापर्यंत भिजवलेली गोणपाटे अंथरलेली असत. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. नैवेद्याचे ताट घेऊन त्यांवरून किती वेळा गेलो, याची गणती नाही. हे काम झाडलोट करणारा गडी करतो, असे आम्ही धरून चाललो होतो. गड्याला वाटे, पुजाऱ्याच्या घरचे कोणी करीत असेल. एका वर्षी उन्हाळा आला आणि गोणपाटे आली नाहीत. पाय पोळले तेव्हा चौकशी झाली. मागच्या गल्लीतील एक वृद्ध बाई रोज येऊन, नळाचे पाणी भरून ती अंथरीत आणि दर्शन घेऊन निघून जात. हिवाळ्यात मुलाकडे परगावी गेल्या आणि तिकडेच त्यांना देवाज्ञा झाली. आम्ही त्यांचा चेहरा आठवू लागलो, तर लुगड्याचा रंगही आठवेना.

'कृतज्ञ' हा शब्द आपण 'उपकाराची फेड करणारा' अशा अर्थाने वापरतो. पण त्याची फोड केली तर अर्थ निराळा निघतो. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. फेडणे ही पुढची गोष्ट. आधी जाणणे हवे. ज्याने जाणलेच नाही, तो फेडणार काय? मग आमचा दोष आभार मानले नाहीत एवढाच नव्हता. डोळे असून पाहिले नाही, हा मूळ दोष होता.

आपल्या इंदूरला या बाबतीत फार मोठा वारसा आहे. 1767 ते 1795 या काळात राज्य करणाऱ्या देवी अहिल्याबाईंची देवळे, घाट आणि धर्मशाळा साऱ्या भारताला ठाऊक आहेत. पण 1818 नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून लहान गोष्टी नोंदल्या आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यास रस्त्यांवर माणसे नेमलेली असत. महेश्वरच्या परिसरात नांगराचे बैल भर दुपारी थांबवून बाईंचे सेवक त्यांना पाणी पाजीत. शेतकरी पाखरांना हुसकावतात, म्हणून पाखरांसाठी शेते विकत घेतली होती. बाईंच्या निधनानंतर पाव शतक लोटले होते, मधल्या काळात माळव्याने लूट आणि लढाया पाहिल्या होत्या. तरी बैलाला पाजलेले पाणी लोकांच्या स्मरणात होते. पाजणारीइतकेच ते ध्यानात ठेवणाऱ्या रयतेचेही हे मोठेपण नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल की, सत्कर्म निष्काम असावे. मग त्याची दखल कशाला? याचे उत्तर असे की, फळाची अपेक्षा सोडण्याचा उपदेश करणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नाही. देणाऱ्याने विसरावे हे त्याचे व्रत. तेवढ्यावरून घेणाऱ्याला विसरण्याची मोकळीक मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, पुष्कळ जण वेतन घेऊन काम करतात, त्यात उपकार कसला? 2017 साली आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले आणि तो मान पुढेही वर्षानुवर्षे टिकला, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. सराफ्यातील खाणारे मध्यरात्रीनंतर घरी जातात, तेव्हा तेथे झाडू हाती घेतला जातो. त्या झाडण्याचे वेतन मिळते हे खरे. परंतु एखादी म्हातारी हातात टोपली घेऊन जिना उतरत असते आणि कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस तिच्यासाठी क्षणभर थांबतो; त्या थांबण्याचे वेतन कोणत्याही हिशेबात लिहिलेले नसते. नेमलेले काम आणि त्यात ओतलेला जीव यांतील भेद ओळखणे, हेच जाणणे होय.

दखल घेणे म्हणजे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणेही नव्हे. मंदिरातील संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे आहेत, ती उचितच आहेत. पण प्रत्येक गोणपाटाला पाटी लागू शकत नाही. तेथे एक शब्द पुरे, कधी नुसते थांबून पाहणे पुरे. देवदर्शनाला येताना आपण डोळे उघडे ठेवून येतो. तेच डोळे देवळाच्या पायऱ्या उतरतानाही उघडे असावेत, एवढेच आमचे म्हणणे.

आता उन्हाळ्यात ती गोणपाटे आम्ही अंथरतो. त्याने त्या माउलीचे ऋण फिटत नाही, कारण जिला सांगायचे होते ती ऐकायला उरलेली नाही. वाचकांच्या घरात, वाड्यात, गल्लीत असे कोणी आज असेल, तर त्याला आजच सांगावे.