मशिदीचे गरम पाणी आणि आपली अमानत



पौषातील एक पहाट डोळ्यांपुढे आणा. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव अजून पुरते जागे झालेले नाही. कांदा बाजाराची वर्दळ सुरू व्हायला अवकाश आहे. नेवासा तालुक्यातील या उघड्या माळरानावर थंडी बोचरी असते. फजरची अजान होते आणि एक वृद्ध नमाजी वुजूखान्यातील नळासमोर बसतो. त्या नळाला गरम पाणी असावे काय? असावे तर किती, केव्हा आणि कोणाच्या पैशाने?

प्रश्न लहान वाटतो. परंतु अशा लहान प्रश्नांतच दीनची परीक्षा असते. रात्रभर गिझर चालू ठेवला तर साठलेली उष्णता हवेत विरते आणि तिचे बिल मात्र जमातीला भरावे लागते. तो बंद ठेवला तर अशक्त माणूस मशिदीपासून दुरावतो. यावर आता स्मार्ट थर्मोस्टॅटचा उपाय निघाला आहे. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापले की वीज आपोआप बंद होते आणि तापवण्याची वेळ मोबाइलवरून बदलता येते. फजरची वेळ ऋतूप्रमाणे सरकत असल्याने ही सोय खरोखर उपयोगी आहे. तथापि यंत्र बसविले म्हणजे आपली जबाबदारी संपली काय? या प्रश्नाचा येथे विचार करू.

प्रथम एक शंका दूर करू. काही बंधू म्हणतात, ‘थंड पाण्याने वुजू करण्यात पुण्य अधिक, मग पाणी तापवायचेच कशाला?’ कष्ट होत असतानाही वुजू पूर्ण करणाऱ्याचे दर्जे उंचावतात, असा आशय सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे, हे खरे. परंतु वाट्याला आलेला कष्ट सोसणे वेगळे आणि तो मुद्दाम ओढवून घेणे वेगळे. दुसऱ्यावर तो लादणे तर त्याहूनही वेगळे. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्यावर जातुस्सलासिलच्या मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री गुस्लची वेळ आली. जिवाला धोका वाटल्याने त्यांनी तयम्मुम करून नमाज पढविली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारणा केली तेव्हा स्वतःचा जीव धोक्यात न घालण्याच्या कुरआनी आदेशाकडे त्यांनी लक्ष वेधले. हे ऐकून प्रेषितांनी (स.) स्मित केले आणि त्यांना दोष दिला नाही. उन्हाळ्यात उष्मा तीव्र असताना जुहरची नमाज थोडी उशिरा, गारव्यात अदा करण्याची शिकवणही प्रेषितांनीच (स.) दिली. नमाजीच्या शरीराला होणाऱ्या थंडी-उन्हाची दखल शरीअतने स्वतः घेतलेली आहे.

मग मर्यादा कोठे? पवित्र कुरआनातील सूरह अल्-आराफच्या 31 व्या आयतीत प्रार्थनास्थळी जाताना सुशोभित होण्याचा आदेश आहे आणि त्याच आयतीत अतिरेकाची मनाई आहे. सूरह अल्-फुरकानच्या 67 व्या आयतीत उधळपट्टी आणि कंजुषी या दोहोंमधील मार्ग हा मोमिनाचा गुण सांगितला आहे. ध्यानात घ्या, मनाई दोन्ही टोकांना आहे.

आता थोडा हिशेब करू. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 2.3 युनिट वीज लागते. दोन किलोवॅटच्या गिझरला यासाठी सत्तर मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. रात्रभर चालू ठेवण्याचे कारणच नाही. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण ते एक लिटरच्या आसपास पाण्यात वुजू करीत, असे सहीह बुखारीत नमूद आहे. शंभर नमाजींनी एकेक लिटर वापरले तर 2.3 युनिट, नळ मोकळा सोडून पाच-पाच लिटर वाहू दिले तर जवळजवळ 12 युनिट. म्हणजे मोठी बचत थर्मोस्टॅटमध्ये नसून आपल्या हातातील तोटीत आहे. यंत्र पाण्याचे तापमान आवरील. आपला हात कोण आवरणार?

इंग्लंडमधील केंब्रिज येथे 2019 साली खुल्या झालेल्या मशिदीत उष्णतेसाठी हीट पंप आहेत आणि पावसाचे पाणीही साठवून वापरले जाते. मोरोक्कोत मशिदींना सौरऊर्जा देण्याचा कार्यक्रम शासनानेच हाती घेतला. आपल्याकडे ऊन मुबलक आहे. जमातीला परवडत असेल तर छतावरील सौरबंबाचा विचार अवश्य व्हावा. परंतु साधन कोणतेही असो, त्यामागील निर्णय माणसाचाच असतो.

हा निर्णय कोणी घ्यावा? सूरह अश्-शूराच्या 38 व्या आयतीत परस्पर सल्लामसलत हे ईमानवंतांचे लक्षण सांगितले आहे. थर्मोस्टॅटची चावी एकाच विश्वस्ताच्या मोबाइलमध्ये असेल आणि तो घरी उबदार पांघरुणात बसून मशिदीचे पाणी बंद करीत असेल, तर ती व्यवस्था नव्हे, अधिकाराचा दुरुपयोग होय. तापमान आणि वेळ बैठकीत ठरावी, फलकावर लिहिली जावी आणि मोबाइल न वापरणाऱ्या वृद्धालाही चालवता येईल असे साधे बटण भिंतीवर असावे.

आणि माप कोणाचे धरावे? हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांची इमाम म्हणून नियुक्ती करताना प्रेषितांनी (स.) त्यांना जमातीतील सर्वांत अशक्त माणसाचे भान ठेवण्यास सांगितले. नमाजीची लांबी ज्या मापाने ठरते, त्याच मापाने पाण्याची उबही ठरावी. धडधाकट तरुणाला थंड पाणी चालते म्हणून ते सांधेदुखीने त्रस्त म्हाताऱ्यालाही चालेल, हा न्याय नव्हे.

मशिदीच्या पेटीत पडणाऱ्या नोटांमध्ये दिवसभर गोण्या वाहणाऱ्या हमालाची नोटही असते. तिच्यातील प्रत्येक रुपया अमानत आहे. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) खासगी बोलणे सुरू होताच सरकारी तेलाचा दिवा मालवीत, असे वर्णन केले जाते. त्या दिव्याला थर्मोस्टॅट नव्हता. तो मालवणाऱ्याच्या अंतःकरणात होता. वीजबिलात जे वाचेल, त्याचाही हिशेब द्यावा. ते इमाम साहेबांच्या तुटपुंज्या मानधनात भर घालण्यास उपयोगी पडले, तर बचतीला अर्थ येईल.

म्हणून वाचकहो, येत्या हिवाळ्यापूर्वी आपल्या मशिदीत हा विषय काढा. यंत्र अवश्य बसवा. मात्र त्यापूर्वी आपली नियत तपासा आणि वुजू करताना तोटी अर्धीच उघडा. अल्लाह आम्हा सर्वांना अमानत जपण्याची आणि दुर्बलांची काळजी वाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.