वेस आणि डोंगर

ज्याच्या खांद्यावर पुष्कळांचा भार आहे त्यानें आपल्या घरच्या दुःखासाठीं रडत बसावें काय? पाळकांस व संस्थाचालकांस हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. श्रद्धावंतानें पुनरुत्थानाच्या आशेनें डोळे पुसून कामास लागावें, हें त्याचें ठराविक उत्तर आम्हांस उथळ वाटतें. पवित्र शास्त्र इतकें निष्ठुर नाहीं.

दावीद राजाचीच गोष्ट घ्या. बंडखोर पुत्र अबशालोम लढाईंत पडल्याचें कळतांच तो वेशीवरच्या खोलींत जाऊन आक्रोश करूं लागला. जिंकलेलें सैन्य पळपुट्यासारखें तोंड लपवीत नगरांत शिरलें. तेव्हां सेनापति यवाबानें राजास सुनावलें कीं, ज्यांनीं त्याचे प्राण वांचविले त्यांसच त्यानें लाजविलें आहे. तो बाहेर न आला तर रात्रीपर्यंत एकहि मनुष्य त्याजजवळ राहणार नाहीं. सल्ला खरा होता. पण अबशालोमाच्या छातींत भाले खुपसणारा हात याच यवाबाचा! त्यानेंच बापास कर्तव्य शिकवावयास यावें, यांतील क्रूरता प्रवचनकारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. दावीद उठला व वेशींत जाऊन बसला. त्याचा शोक संपला, असें मात्र शास्त्र सांगत नाहीं. त्याचें चुकलें तें रडण्यांत नव्हे. त्या रडण्याच्या भरांत त्याच्यासाठीं लढलेलीं माणसें त्याला दिसेनाशीं झालीं, यांत चुकलें.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंवर असाच प्रसंग १९२१ सालीं आला. त्यांची एकुलती कन्या मनोरमा, केडगांवच्या मुक्तिसदनांतील त्यांचा उजवा हात, त्या सालीं वारली. आश्रयास आलेल्या स्त्रियामुलांचा भार आणि बायबलाचें मराठी भाषांतर हीं दोन्ही बाईंपुढें उभींच होतीं. भाषांतर हातावेगळें करून १९२२ च्या एप्रिलांत त्या स्वतःहि गेल्या. त्यांनीं शोक जिंकला, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. काम करीत राहणाऱ्याचें दुःख सरलें असें मानणें, ही पाहणाऱ्यांची सोय असते.

योहानाच्या वधाची वार्ता ऐकून येशू होडींत बसून एकांतीं निघाला, तों लोक पायींच त्याच्यामागें आले. त्यास त्यांचा कळवळा आला. त्यानें आजाऱ्यांस बरें केलें, पांच हजार पुरुषांस व त्यांच्या बायकामुलांस जेवूं घातलें. उपदेशक बहुधा येथेंच थांबतात. पुढें मात्र असें आहे कीं, शिष्यांस होडींतून पुढें पाठवून व लोकांस निरोप देऊन तो प्रार्थनेसाठीं डोंगरावर गेला आणि रात्र झाली तरी तेथें एकटाच होता. लोकांनीं दिवसा घेतलेला एकांत त्यानें रात्रीं परत घेतला, असें आम्हांस वाटतें.

आमच्या मंडळ्यांत पाळकानें वेशींत बसावें हें सर्वांस कळतें. डोंगराची आठवण कोणास होत नाहीं. पाळकाच्या घरीं मृत्यु घडला तर दफनविधि दुसऱ्या पाळकाकडे सोंपवावा व पुढील कांहीं रविवारांचे उपदेश वडीलमंडळींनीं आपण होऊन वांटून घ्यावे. त्यानें रजा मागण्याची वाट पाहूं नये.