राखलेला कागद

कोल्हापुरातल्या एका पेठेत एक मुलगा राहत होता. त्याचा हात फार चांगला होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांत त्याला 'ए' मिळाली होती. मंडळाचा फलक असो, नाहीतर कुणाच्या प्रोजेक्टच्या वहीवरचा मोर, गल्लीतले सगळे त्याच्याकडेच यायचे. बसल्या बैठकीला चित्र पुरं करायचं ही त्याची ख्याती होती, आणि त्याला ती आवडायची.

शेजारी एक काकू राहायच्या, एकट्याच. सोबतीला काळू नावाचा कुत्रा. अंगानं काळाभोर, पण आता वय झालेलं. हनुवटीवरचे केस पिकलेले, डावा कान टोकाला फाटलेला. एकदा काकूंनी मुलाला हाक मारली.

"बाळा, काळूचं एक चित्र काढून दे. मोबाइलात फोटो आहेत रे, पण भिंतीवर मला चित्र पाहिजे. आणि तो आहे तोवरच काढ. मागनं काढून काय उपयोग?"

मुलगा लगेच कामाला लागला. संध्याकाळी ओसरीवर काळू पेंगत होता. त्यानं फ्लॅश मारून फोटो घेतला आणि रात्रीच बैठक मारली. काळा कुत्रा म्हणजे काळी पेन्सिल, असा त्याचा सरळ हिशेब. आधी एट-बी घेऊन सगळं अंग दाबून भरलं. ते हवं तेवढं काळं दिसेना, म्हणून त्यावर काळी रंगीत पेन्सिल चालवली. ती घसरायला लागली. फोटोत फ्लॅशमुळे डोळे हिरवे चमकत होते. ते कसेतरीच वाटले म्हणून त्यानं दोन्ही डोळे काळे करून टाकले. मिशा राहिल्याच होत्या. पांढऱ्या पेन्सिलीनं काळ्यावर ओढायला गेला, तर करड्या, मळकट रेघा उमटल्या. तरी सकाळी लांबून पाहिलं तर चित्र हुबेहूब दिसत होतं. फाटका कानसुद्धा बरोबर होता.

काकूंनी चित्र खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघितलं. चांगल्या मनाच्या बाई. म्हणाल्या, "काळूच आहे. पण हा माझ्याकडं बघंना रे."

मुलगा ते चित्र घेऊन सरांकडे गेला. सर शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर घरीच चार पोरांना शिकवत. त्यांनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. पेन्सिलीचे वळ मागून हाताला लागत होते.

"किती दाबलंयस! हे बघ, पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट असतं आणि चिकणमाती असते. फ्रान्समधल्या काँतेनं १७९५ साली ही मिसळण भाजायची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. पण ग्रॅफाइट कितीही घाल, त्याला चकाकी असते. उजेड पडला की ते करडंच दिसणार. रंगीत पेन्सिलीत मेण असतं. ते कागदाच्या खरखरीत दाण्यांना धरून बसतं. तू दाणा पहिल्याच हाताला ग्रॅफाइटनं बुजवून टाकलास. आता मेण धरणार कशाला?"

मग सरांनी कपाटातून स्वतःचा एक कागद काढला. त्यावर कावळा होता, पन्हाळ्याच्या तटावर बसलेला. मुलाला वाटायचं कावळा म्हणजे नखशिखांत काळा. या कावळ्याची मान राखी होती. गावकावळ्याची असतेच, आपण रोज बघतो आणि रोज विसरतो. पाठीवर जांभळी झाक होती, पंखाच्या घडीत निळी, पोटाखाली तपकिरी. मुलगा काळी पेन्सिल शोधत राहिला.

"काळी शेवटी घेतली, आणि तीही चोचीच्या फटीत आणि पंखाखाली, एवढीच," सर म्हणाले. "बाकी सगळा काळेपणा इंडिगो, जांभळा आणि गडद तपकिरी यांचा. एकावर एक, हलक्या हातानं. आता डोळा बघ."

डोळ्यात एक बारीक पांढरा ठिपका होता. मुलानं नख लावून पाहिलं. तिथं रंग नव्हता. नुसता कागद होता.

सरांनी मग एक छापील चित्र दाखवलं. ड्युरर नावाच्या जर्मन चित्रकारानं १५०२ साली काढलेला ससा. त्याच्या डोळ्यात खोलीच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. ससा घरात बसला होता हे त्यावरून वाटतं, आणि तो जिवंत आहे हेही. "पण ड्युररकडं अपारदर्शक पांढरा रंग होता. तो वरून लावता येतो. पेन्सिलवाल्याला ती सोय नाही. आपल्याकडं पांढरा एकच, कागदाचा, आणि तो एकदा गेला की मागून आणता येत नाही. म्हणून जे राखायचंय ते आधी ठरवायचं आणि मग हात चालवायचा. चित्रात काय आणि घरात काय, रीत हीच. तुझ्या काकूंना ती कळलेली आहे. म्हणून तर तो आहे तोवर काढ म्हणाल्या."

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर जाऊन बसला. कागद कोरा, हात कोरा. काळूला ऊन कुठून येतं ते त्यानं पाहिलं. पूर्वेच्या गजाच्या खिडकीतून यायचं. काळूनं मान वर केली की त्या गजांच्या उभ्या रेघा त्याच्या डोळ्यात उतरायच्या. पाठीवर जिथं आकाश पडे तिथं केस निळसर दिसत, आणि मांडीवर जिथं ऊन पडे तिथं चक्क विटकरी. नाकाचा शेंडा ओला, त्यावर एक बारीक चकाकती रेघ. दुपारी एकच्या सुमाराला म्हातारा उठून फाटकाशी जाऊन उभा राहायचा. मुलानं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "हे बँकेतनं जेवायला यायचे ना, त्या वेळेला." हे ऐकल्यावर मुलाला काळूच्या नजरेचा रोख कळला. तो जवळ कुठंच नसायचा, नेहमी फाटकापलीकडं असायचा.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. इथं एकही रेघ ओढलेली नाही, तरी चित्र निम्मं झालेलं आहे.

मग त्यानं एचबीनं अगदी पुसट आराखडा केला आणि मळता येणारा खोडरबर नुसता टेकवून टेकवून तोही जेमतेम दिसेल एवढाच ठेवला, म्हणजे वरचे रंग मळायला नकोत. त्यानंतर त्यानं संपलेली रिफिल घेतली. तिनं मिशीचा एकेक केस कागदात दाबून ठेवला, हनुवटीवरचे पिकले केसही तसेच. शाई नाही, रंग नाही, नुसता खळगा. वरून पेन्सिल आडवी फिरली की खळग्यात रंग उतरत नाही आणि केस पांढरा राहतो. डोळ्यातले खिडकीचे तुकडे आणि नाकावरची रेघ त्यानं बारीक कुंपण घालून सोडून दिली. एवढं झाल्यावरच इंडिगो हातात घेतली. केसांच्या दिशेनं, टोकाकडे उचलत, थरावर थर. एट-बीला त्यानं डबीतून बाहेरच काढलं नाही.

या वेळेला बैठक एका रात्रीत उरकली नाही. गल्लीतली पोरं विचारायची, "अजून तेच?" तो हो म्हणायचा.

काकूंनी चित्र पाहिलं आणि पहिल्यांदा फाटकाकडं पाहिलं, मग परत चित्राकडं. "एक वाजलाय ह्यात," त्या म्हणाल्या. पदरानं काच पुसून त्यांनी ते देवघराशेजारच्या भिंतीला लावलं. काळू खाली येऊन आपल्या जागेवर पसरला.

पुढच्याच आठवड्यात राजारामपुरीतले एक गृहस्थ मोबाइल घेऊन आले. त्यावर त्यांच्या पांढऱ्या पर्शियन मांजराचा फोटो होता. मुलीच्या वाढदिवसाला, रविवारपर्यंत, चित्र पाहिजे होतं. पैसे बरे देणार होते.

मुलानं फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत दिला. "रविवारी नाही जमणार, काका. मांजर सकाळी कुठं बसतं?"

"गॅलरीत. का?"

"मग उद्या आठला येतो. पेन्सिली आणत नाही, नुसता बघायला येतो."