संशय आणि प्रार्थना : निक केव्ह यांचा श्रद्धाप्रश्न

ईश्वर जगाच्या घडामोडींत हस्तक्षेप करतो काय, हा जुना प्रश्न ऑस्ट्रेलियन गायक, गीतकार आणि अभिनेते निक केव्ह यांच्या कारकिर्दीत सतत जागा राहिलेला दिसतो. १९५७ साली व्हिक्टोरिया राज्यात जन्मलेल्या आणि बालपणी वँगारॅटा येथील कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपचे पीठ असलेल्या मुख्य चर्चच्या, गायकवृंदात गायलेल्या केव्ह यांच्या आरंभीच्या गीतांवर बायबलच्या जुन्या करारातील कोपिष्ट ईश्वराची छाया होती; पुढे त्यांचे मन नव्या कराराकडे वळले आणि १९९८ मध्ये मार्ककृत शुभवर्तमानाला, म्हणजे येशूच्या चरित्रकथनाला, त्यांनी प्रस्तावना लिहिली.

२०१५ मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा अपघातात गेल्यावर प्रश्नाचे रूपच पालटले : ज्याचे अस्तित्व सिद्ध करता येत नाही त्याची प्रार्थना करणे ही आत्मवंचना ठरते काय? पत्रकार शॉन ओहेगन यांच्याशी झालेल्या संवादांच्या २०२२ च्या पुस्तकात केव्ह संशयाला श्रद्धेचा शत्रू न मानता तिचाच भाग मानतात. ही भूमिका तर्काचे पुरते समाधान करीत नाही, तरीही ती प्रामाणिक आहे असेच म्हणावे लागते, कारण शोकाकुल माणूस प्रार्थनेत पुरावा शोधत नसतो, गेलेल्याशी असलेले नाते टिकवण्याची वाट शोधत असतो. २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'द रेड हँड फाइल्स' या उपक्रमात अनोळखी वाचकांच्या अशाच प्रश्नांना केव्ह स्वतः उत्तरे लिहितात.