कॅमेऱ्यांचा संग्रह आणि त्यांनी पाहिलेला जिल्हा

बोरी नदीला पूर येऊन नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळू लागले की हौशी छायाचित्रकारांचे पाय तिकडे वळतात. तिथली त्यांची चर्चा बाहेरच्या माणसाला रिकामटेकडी वाटते. पण ती नीट ऐकण्यासारखी असते. पडणारे पाणी मऊ, सलग दिसावे म्हणून शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे लागते. भर दिवसा इतका वेळ प्रकाश आत आला तर फोटो पांढराफटक होतो, म्हणून लेन्सवर काळसर काचेचा एनडी फिल्टर लावावा लागतो. हात हलू नये म्हणून ट्रायपॉड हवा आणि तुषारांनी भिजणारी काच सारखी पुसत राहायला कोरडे फडकेही हवे. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पक्षी टिपायचा तर ही सारी सामग्री निरुपयोगी, तिथे लांब पल्ल्याची टेलिलेन्स लागते. धाराशिव लेण्यांतल्या अंधाऱ्या गाभाऱ्यातली पार्श्वनाथांची मूर्ती टिपायला पुन्हा वेगळी, मोठ्या छिद्राची लेन्स लागते. ‘नजर हवी, कॅमेरा कुठलाही चालतो’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. साधनाची मर्यादा ठाऊक असणे हाही नजरेचाच भाग असतो, आणि ते ज्ञान पुस्तकांपेक्षा अशा गप्पांतूनच एका हातून दुसऱ्या हाती जाते. म्हणून बॉडी, लेन्स, बुरशी, शटर काउंट यांवर तासन्‌तास बोलणाऱ्यांना हिणवणे मला मान्य नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कपाटातले कॅमेरे काढून एकमेकांना दाखवताना मॉडेल सांगितले जाते, सालही सांगितले जाते, किंमत तर हमखास. त्या कॅमेऱ्याने काय पाहिले हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तो कोणाकडून आला, कोणत्या गावात चालला, त्याने कोणाची लग्ने, जत्रा, पहिली इमारत, शेवटचा दुष्काळ टिपला, याची नोंद बहुतेक संग्रहांत नसते. संग्रहाची प्रतिष्ठा संख्येवर मोजण्याची सवय जगभर आहे. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडे ४,४२५ जुने कॅमेरे असल्याची नोंद २००३मध्ये गिनेस बुकात झाली. असा संग्रह उभा करायला आयुष्य द्यावे लागते आणि त्याबद्दल आदरच वाटतो. पण जिल्ह्यातल्या एखाद्या हौशी माणसाने वीस-पंचवीस कॅमेरे जमवून त्याच मोजपट्टीवर उभे राहण्यात अर्थ नाही. त्याच्याजवळ दुसऱ्या कोणाकडे नसलेली एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे त्या वस्तूंचा इथल्या माणसांशी असलेला धागा.

हा धागा तुटला की काय होते याचा दाखला याच धाराशिव जिल्ह्यात आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेख असलेली बाजारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांत, पांढरीच्या टेकाडांवर, पावसाने उघड्या पडलेल्या मातीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे वेचल्या: मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या. आज त्यांच्याच नावाने गावात शासकीय संग्रहालय उभे आहे. एका खासगी माणसाच्या हौसेतून जिल्ह्याचा प्राचीन इतिहास उभा राहिला, हे ऋण मोठे आहे. संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी ताडून पाहिली जाते, इतके तिचे मोल. तरीही यातल्या बहुतेक वस्तू जमिनीच्या कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होत्या हे सांगता येत नाही. त्यामुळे अभ्यासकाला त्यांचा काळ इतर ठिकाणच्या वस्तूंशी तुलना करून ठरवावा लागतो. १९५८मध्ये बा. ना. चापेकरांनी तेरला उत्खनन केले तेव्हा थरांची नोंद झाली, आणि त्या नोंदीमुळेच साधे खापरही पुरावा ठरले. लामतुऱ्यांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी वेचले नसते तर वस्तूही गेल्या असत्या. पण आजच्या संग्राहकाला ती सबब नाही. त्याचा कॅमेरा वापरणारा माणूस अनेकदा अजून हयात आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

अगदी साधी वस्तू घ्या. बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक-थ्री एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत सर्रास असे. काळा डबा, लेन्सभोवती ऊन आणि ढगांच्या खुणा, खाली खटका. १२० नंबरच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. जुन्या बाजारात आज त्याला फारसे मोल नाही, कारण तो दुर्मीळ नाही. पण त्याच डब्याबरोबर त्यातून निघालेल्या निगेटिव्हचे एक पाकीट असेल आणि त्यावर गाव, वर्ष, माणसांची नावे असतील, तर एवढ्या मोठ्या निगेटिव्हमध्ये घराच्या भिंतीचा पोत, अंगणातली भांडी, लुगड्याचा काठ इतका तपशील सापडतो की घरबांधणीचा किंवा पेहरावाचा अभ्यासक त्यावर दिवस घालवील. चित्रपटाच्या इतिहासातही हेच दिसते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो आपल्या लक्षात राहिला तो त्याच्या बनावटीमुळे नव्हे. कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते हे दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपून त्यांनी त्यावर चित्रित केले, तेच पाहून भांडवलदाराला विश्वास वाटला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. साधनाचा हव्यास फाळक्यांना होता, त्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसीही गहाण टाकली. पण त्या साधनाची ओळख त्याच्या कामातून झाली.

धाराशिवसाठी ही गोष्ट नुसत्या अभ्यासाची नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्यातला सास्तूर-उमरगा पट्टाही उद्ध्वस्त केला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावांचे पूर्ण पुनर्वसन नव्या जागी झाले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली माणसे गेली, त्यांच्याबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आणि ट्रंकेतले लग्नाचे अल्बमही गेले. ज्या गल्ल्यांत ती घरे होती त्या गल्ल्याही नव्या गावात नाहीत. अशा कुटुंबाला आजी-आजोबांचा चेहरा पुन्हा दिसण्याची एक शक्यता उरते: तालुक्याच्या ठिकाणी ज्या स्टुडिओत त्यांनी फोटो काढला, तिथली निगेटिव्ह शिल्लक असणे. आणि नेमक्या याच निगेटिव्ह वेगाने संपत आहेत. डिजिटल आल्यावर डार्करूम बंद पडल्या; कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी काढण्यासाठी त्या किलोवर विकल्या गेल्या, उरलेल्या ओलीने एकमेकींना चिकटल्या. स्टुडिओ मोडताना त्याचा कॅमेरा मात्र संग्राहक आवर्जून विकत घेतो, घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवतो. माझ्या मते इथे निवड उलटी होते. यंत्राच्या हजारो प्रती जगात आहेत, निगेटिव्हची एकच.

हा जिल्हा १९४८पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे उदाहरण निगेटिव्ह जपल्याने काय साधते हे कळण्यासाठी पाहावे. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९मध्ये त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या, म्हणून एकोणिसाव्या शतकातला तो काळ आज तपासता येतो. दरबार, किल्ले, साहेबलोक यांच्या वाट्याला अशी जपणूक आली. उमरग्याच्या स्टुडिओत कोऱ्या टोपीत ताठ बसलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला ती कोण आणणार? हे काम सरकारचे आहे असे म्हणणे सोपे आहे. पण सरकारी संग्रहालय वस्तू स्वीकारते, घरोघर जाऊन ती कोणाची हे विचारत नाही. लामतुऱ्यांनीही आधी वेचले, संग्रहालय नंतर झाले.

दुष्काळी जिल्ह्यात लाखाच्या लेन्स बाळगणे हीच चैन नाही का, असा आक्षेप येतो. तो गंभीर आहे आणि त्याला टोलवून लावता येत नाही. कर्जाच्या हप्त्यावर तिसरी बॉडी घेणाऱ्याने त्याचा विचार करायलाच हवा. मात्र मी सांगतो ते काम खर्चाचे नाही. निगेटिव्ह प्रकाशाच्या सपाट पडद्यावर ठेवून जवळून टिपायला हौशी माणसाकडे असलेला जुना कॅमेरा आणि एक मॅक्रो लेन्स पुरते. आता वापरात नसलेल्या सामग्रीचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. दुसरा आक्षेप तरुणांचा: डिजिटल फोटोत तारीख, लेन्स, शटर सगळे आपोआप नोंदले जाते, मग नोंदींची वेगळी वही कशाला? नोंदले जाते खरे, पण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्यातला बराचसा तपशील गळून जातो. आणि फाईल काहीही जपून ठेवो, तुळजापूरच्या नवरात्रात आराधी म्हणून उभी असलेली बाई कोण, कुठल्या गावची, हे ती सांगू शकत नाही.

एक अडचण मात्र मला खरोखर विचारात टाकते. स्टुडिओतले चेहरे स्टुडिओवाल्याच्या मालकीचे नाहीत, संग्राहकाच्या तर नाहीतच. पन्नास वर्षांपूर्वी घरच्यांसाठी काढलेला फोटो आज परक्यांच्या मोबाइलवर फिरावा असे कोणाला वाटेल? म्हणून निगेटिव्ह जपणे आणि ती सर्वांना दाखवणे ही दोन वेगळी कामे मानावीत. पहिले सरसकट करावे. दुसरे कुटुंबाचा शोध घेऊन, त्यांना छापील प्रत देऊन, त्यांच्या होकाराने. वेळ लागेल. पण कुटुंबाकडे जाण्यामुळेच नावे कळतील, आणि नावांवाचून नोंद पुरी होत नाही. रोलवर काम केलेले स्टुडिओवाले आणि ते चेहरे ओळखणारी माणसे बहुतेक सत्तरीकडे झुकली आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. संग्रहाची वही सुरू करायची तर पहिले पान बॉडी-लेन्सच्या यादीला न देता त्यांच्यापैकी एकाच्या पत्त्याला द्यावे.