मॉडेलकडे मुहूर्त मागताना

१९६१ साली हेन्री स्टॉमेल या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने महासागर दोन भांड्यांत बसवला. एकात विषुववृत्ताकडचं उबदार, खारट पाणी. दुसऱ्यात ध्रुवाकडचं थंड, कमी खारट. दोन्ही वरून आणि तळातून जोडलेली. एवढ्याशा गणितातून निघालेला निष्कर्ष मला अजूनही अस्वस्थ करतो: त्याच परिस्थितीत प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात. एकीतून दुसरीत ढकलला गेलेला प्रवाह, ढकलणारं कारण दूर झालं तरी मागे फिरेलच असं नाही.

खऱ्या अटलांटिकमध्ये उबदार पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जातं, थंड आणि जड होऊन बुडतं, खोलवरून दक्षिणेकडे परततं. २००४पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर हा प्रवाह उपकरणांनी मोजला जातो. सेकंदाला सरासरी सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी, आणि त्यासोबत लाख कोटी किलोवॉटहून अधिक उष्णता. ग्रीनलँडच्या वितळत्या बर्फाचं गोडं पाणी वरचा थर हलका करतं आणि या बुडण्यात अडथळा आणतं.

पुढे काय होईल हे मॉडेल सांगतात, पण एकमुखाने नाही. संगणकात समुद्राचे चौकोन पाडावे लागतात. चौकोनाहून लहान भोवरे अंदाजाने भरावे लागतात. आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालानुसार या शतकात प्रवाह मंदावण्याची शक्यता खूपच जास्त आहे. २१००पूर्वी तो अचानक कोसळणार नाही, याबद्दल मात्र विश्वास ‘मध्यम’. २०२३मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी संख्याशास्त्रीय पद्धतीने शतकाच्या मध्याचा अंदाज वर्तवला, आणि त्यांच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले.

यावर आपण विचारतो, “मग नक्की कधी?” मला हा प्रश्न जिज्ञासेचा कमी आणि सुटकेचा जास्त वाटतो. मुहूर्त मिळेपर्यंत काही करायचं नाही, ही सोय त्यात आहे. मोठ्या धरणाचा सांडवा बांधताना आपण पुराची तारीख मागत नाही. पूर दुर्मीळ आहे हे ठाऊक असतं. धरण फुटलं तर परत बांधून खालची गावं परत येत नाहीत, हेही ठाऊक असतं. तारखेपेक्षा हे दुसरं ज्ञान निर्णायक ठरतं.

आक्षेप खरा आहे: सांडव्यालाही पैसा लागतो, आणि ‘लांडगा आला रे’ची किंमत बहुधा गरीबच मोजतात. पण त्यातून निघतो तो खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न. खर्चच करू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय गप्प बसण्याचं बिलही त्यांच्याच दारात जातं. हा प्रवाह कोसळला तर उष्णकटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारतातला मान्सून दुबळा होऊ शकतो, असं अनेक मॉडेल दाखवतात. ज्याने अटलांटिकचं नावही ऐकलेलं नाही, त्याची पेरणी त्या खारट पाण्याला बांधलेली आहे.

मॉडेल करणाऱ्याचा प्रामाणिकपणा आपली अनिश्चितता उघड मांडण्यात आहे. ते काम तो करतो आहे. त्या अनिश्चिततेचा आपण रजेच्या अर्जासारखा वापर केला, तर त्या अप्रामाणिकपणाचा जाब समुद्रशास्त्राला विचारता येणार नाही.