भोकाच्या पैशाचा भाव

प्रत्येक जुन्या घरात एक डबा असतो. त्यात कुलपं हरवलेल्या किल्ल्या, जोडीदार हरवलेली एखादी कुडी आणि चार-दोन जुनी नाणी असतात. पिढ्या बदलतात, पण डब्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मग एके दिवशी घरातलं कुणीतरी ऐकून येतं, की जुन्या पैशाला शौकीन लोक लाखो रुपये देतात. त्या दिवसापासून डबा कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली कमरेला.

या डब्यातून हमखास निघतो तो भोकाचा पैसा. साल १९४३ ते १९४७ च्या दरम्यानचं. महायुद्धात तांब्याची चणचण पडली तेव्हा सरकारनं पैशाचं पोटच कापून घेतलं. असे ६४ पैसे दिले की रुपया होई. भोक असल्यामुळे हा पैसा पोरांच्या करगोट्यात ओवला गेला, वायसर म्हणूनही खपला. इतकं बहुगुणी नाणं, पण नाणी जमवणाऱ्याला त्याचं कौतुक नाही, कारण टांकसाळींनी ते कोट्यवधींनी पाडलं. घासून गुळगुळीत झालेल्या भोकाच्या पैशाला आज चहापुरते पैसे आले तरी नशीब म्हणायचं.

नाणं किती जुनं, हे या लोकांच्या लेखी फारसं महत्त्वाचं नसतं. किती उरली आणि किती कोरी राहिली, हे महत्त्वाचं. म्हणून नाणं चिंचेनं लख्ख घासून नेणाऱ्या गृहिणीला पाहून ते कपाळाला हात लावतात. आपण मळ काढला असं तिला वाटतं, तिनं भाव काढलेला असतो!

शिवाय चुकांना मान मोठा. त्याच १९४३ साली अमेरिकेनं तांबं वाचवायला पोलादी सेंट काढला. पण थोडी नाणी चुकून जुन्याच तांबूस धातूवर उमटली. त्यातलं एक २०१० साली १७ लाख डॉलरला विकलं गेलं. शाळेत आमच्या चुकांना एवढा भाव मिळता तर आज आमचा बंगला असता. इंग्लंडात १९३३ साली पेन्या मुबलक होत्या, म्हणून जेमतेम काही पाडल्या. त्यातल्या काही इमारतींच्या पायाभरणीत दगडाखाली ठेवल्या. लीड्सजवळच्या एका चर्चमधली १९७० साली चोरीला गेली. देवाच्या पायाखालचा पैसासुद्धा, भाव कळला की सुरक्षित राहत नाही.

आपल्याकडे २०२१ साली रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की आमच्या नावानं जुन्या नाण्या-नोटांचे व्यवहार जमवून कमिशन मागणाऱ्यांना भुलू नका.

हे झालं भाव नसताना तो आहे असं भासवणं. माझ्या डोक्यात घोळतो तो उलटा प्रश्न: भाव आहे, तुम्हाला ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही.

समजा, जुन्या बाजारात गोधडीवर मांडलेल्या ढिगात तुम्हाला एक दुर्मिळ नाणं दिसलं. तुमचा चेहरा लगेच कामाला लागतो. आधी शेजारचा गंजका अडकित्ता उचलून त्याचा भाव करायचा, नाक मुरडायचं आणि जाता जाता, ताकास तूर लागू न देता, ‘आणि हे काय घेशील?’ म्हणायचं. तो म्हणतो पंचवीस. तुम्ही वरून म्हणता, ‘वीसला दे!’

हा पेच फार जुना आहे. सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४४ साली मुलासाठी कर्तव्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही तो आहे. कुणी पितळ समजून सोनं विकत असेल, तर भल्या माणसानं त्याला सांगावं, की हजार दिनारांचा माल एका दिनाराला उचलावा? सिसेरोचं म्हणणं असं, की नुसतं गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. पण ज्याला कळायला हवं त्याला आपल्या फायद्यासाठी कळू नये अशी इच्छा धरणं, हे मात्र लपवणंच.

नाणेवाला म्हणेल, ‘तीस वर्षं डोळे फोडून शिकलो, ते फुकट वाटू?’ त्याचंही खरं आहे. दोन नाणेवाले समोरासमोर बसले तर ज्याची नजर तीक्ष्ण तो जिंकला. तो खेळच तसा. पण एखादी आजी औषधाला पैसे हवेत म्हणून डबा घेऊन येते आणि विचारते, ‘बघा हो, काही येतील का याचे?’ तेव्हा तिनं त्याला गिऱ्हाईक नव्हे, पंच केलेलं असतं. तिथं गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच. त्यानं भाव सांगावा आणि आपला हिस्सा उघडपणे मागावा. ज्ञानाची फी जरूर घ्यावी. दुसऱ्याच्या अज्ञानाचा दंड वसूल करू नये.

कायद्याचा इथं फारसा उपयोग नाही. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. डब्यातलं सापडलं तर कळवायचं दुसऱ्या प्रकारच्या कलेक्टरला, आणि तो जे सांगेल त्यावर भिस्त!

बहुतेकांची सचोटी शाबूत आहे ती बहुतेक जुनी नाणी पैशाला पासरी आहेत म्हणून, असा मला दाट संशय आहे. तरी कधी खरंच घबाड हाती आलं, तर एक साधी कसोटी आहे. असा सौदा माणूस घरी सांगतो, कचेरीत सांगतो, लग्नाच्या पंगतीत चौथ्यांदा सांगतो. ज्यानं नाणं विकलं त्यालाही तो तितक्याच रंगात सांगता येईल का, एवढं पैसे मोजण्याआधी पाहावं.